दार बंद होईपर्यंत

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावच्या विमानतळावर विमानात चढताना दाराशेजारी एक बारीक ओळ रंगवलेली दिसते. शेपटीवर मोठ्या कंपनीचं चिन्ह असतं, विमानाच्या अंगावर तिचे रंग असतात, तिकिटावर तिचंच नाव असतं. त्या ओळीत मात्र लिहिलेलं असतं की हे विमान प्रत्यक्षात दुसरीच कंपनी चालवते. प्रवासी बॅग सावरत, मान वाकवून आत शिरतात. ती ओळ क्वचितच कुणी वाचतं. माझ्या नोकरीची सुरुवातीची सगळी वर्षं त्या ओळीतल्या कंपनीत गेली.

२००७ साली मी अशा एका रीजनल कंपनीत फर्स्ट ऑफिसर म्हणून लागले. विमान होतं एम्ब्रेअर १४५. पन्नास आसनं, मधल्या वाटेच्या डावीकडे एक खुर्ची, उजवीकडे दोन, आणि सगळ्या प्रवाशांसाठी एकच फ्लाइट अटेंडंट. तिचा पगार माझ्याहूनही कमी. आमचा बेस शिकागोचा ओ'हेअर विमानतळ. तिथून पिओरिया, मोलीन, कॅलामझू, ग्रीन बे, सीडर रॅपिड्स अशा गावांना दिवसाला चार-पाच फेऱ्या व्हायच्या. त्या काळात अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांपैकी जवळपास निम्मी उड्डाणं रीजनल कंपन्याच करत होत्या. म्हणजे आम्ही कडेला उभं राहून उमेदवारी करत होतो अशातला भाग नव्हता. देशातली जवळपास निम्मी उड्डाणं आमच्या हातांनी होत होती.

पहिल्या वर्षाचा दर तासाला वीस-बावीस डॉलर. ऐकायला बरा वाटतो, पण हा तास घड्याळातला नव्हे. विमानाचं दार बंद होऊन चाकं गेटवरून हलली की तो सुरू होतो आणि पुढच्या गेटला विमान उभं राहिलं की संपतो. महिन्याला अशा ७५ तासांची हमी. सगळं धरून वर्षाला वीस हजार डॉलरच्या आतबाहेर, तेही कर कापण्याआधी. त्यातून प्रशिक्षणाच्या कर्जाचा हप्ता जायचा.

दार बंद होण्याआधीचं काम कुठल्याच तासात धरलं जात नसे. पहाटे साडेचारला ग्रीन बेच्या धावपट्टीशेजारी उणे वीस तापमानात हातात टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारायची. टायरचे कट बघायचे, ब्रेकची झीज दाखवणारी पिन मोजायची, पंखाच्या पुढच्या कडेवर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा धरलाय का ते हातमोजा काढून बोटांनी चाचपायचं, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. मग हवामान, इंधन, वजनाचा हिशोब. जुलैच्या दुपारी शिकागोवर वादळी ढग उभे राहिले की सगळी उड्डाणं थांबवली जायची. आम्ही गेटला उघड्या दाराने दोन-दोन, तीन-तीन तास बसून राहायचो. वैतागलेल्या प्रवाशांना उत्तरं द्यायची, मार्ग बदलला की नवं इंधन मागवायचं, नियंत्रकांशी पुन्हा पुन्हा बोलायचं. त्या तीन तासांचा पगार शून्य. सगळ्यात जास्त डोकं लागतं ते याच वेळात. आज निघायचं की नाही, हा निर्णय दार बंद होण्याआधीच घ्यायचा असतो.

बेसबाहेर असताना तासाला दीड डॉलरच्या आसपास भत्ता मिळायचा. तो जेवणासाठी असायचा, पण आम्ही बहुतेक जण तो वाचवून घरभाड्यात घालायचो. आई न्यू जर्सीहून रवा भाजून, वर फोडणी घालून डब्यात भरून द्यायची. हॉटेलच्या खोलीतल्या कॉफीच्या यंत्रातून नुसतं उकळतं पाणी काढायचं, ते रव्यावर ओतून झाकण लावायचं. दहा मिनिटांत उपमा. सोबत पातळ पोह्यांचा चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी. त्या भागातल्या कितीतरी हॉटेलांत मी रात्रीचं जेवण असंच जेवले आहे, आणि ते जेवण चांगलं होतं.

आम्ही डोंबिवली सोडली तेव्हा मी अकरावीत होते. बाबांना न्यू जर्सीत एका औषध कंपनीत काम मिळालं होतं. विमानं उडवायचं वेड मला तिथे लागलं. सेसना १७२ वर नवशिक्यांना शिकवत मी उड्डाणाचे तास जमवले आणि मग ही नोकरी धरली. पहिली पगाराची चिठ्ठी मी घरी दाखवली तेव्हा बाबांनी चष्मा काढला, कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने गुणाकार केला आणि म्हणाले, "अगं, शिकवणीचे तुला याहून जास्त मिळत होते." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पण उडायला मिळतंय ना तिला!"

दोघांचंही बरोबर होतं. त्यानंतर कितीतरी वेळा मला वाटलं आहे की हा सगळा धंदा आईच्या त्या वाक्यावर उभा आहे. ज्याला उडायचंच आहे तो कितीही कमी पैशांत उडेल, हे पगार ठरवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. माणसाची आवड ही त्याची स्वतःची ठेव असते. तिच्यातून पगाराची तूट भरून काढायची, तर ती ठेव दुसराच कुणीतरी खर्च करतो आहे असं मी म्हणेन.

बाहेरच्या माणसांना यातलं काही दिसायचं नाही. शिकागोत डेव्हन अॅव्हेन्यूवर देशी दुकानांची रांग आहे. ड्यूटीवरून परतताना मी तिथे तूरडाळ, पोहे घ्यायला थांबायचे. अंगात गणवेश, खांद्यावर पट्ट्या. गल्ल्यावरचे काका कौतुकाने बघायचे, "बेटा, तुम्ही पायलट लोक!" म्हणायचे, आणि मी लहान पिशवी उचलली की मोठी पुढे करायचे. डोंबिवलीच्या काकूंनी तर फोनवर विचारलं होतं, नवं घर घेतलंस का म्हणून. पायलट या शब्दाभोवती आपल्याकडे श्रीमंतीचं एक वलय आहे. ते वलय मोठ्या कंपन्यांच्या जुन्या कॅप्टनांनी मिळवलेलं. आम्हाला गणवेश तोच मिळाला होता.

घर न्यू जर्सीत आणि बेस शिकागोत, म्हणून ओ'हेअरजवळच्या डेस प्लेन्समध्ये मी क्रॅश पॅड घेतलं. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, भिंतींना लागून दुमजली खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. गजर एकदाच वाजू द्यायचा, हा तिथला पहिला नियम. कुणी पहाटे तीनला निघायचं, कुणी रात्री एकला यायचं. विमानतळावर बोलावलं की ठरलेल्या वेळात हजर व्हायचं अशी रिझर्व्ह ड्यूटी असली, तर पूर्ण दिवस फोन उशाशी घेऊन पडून काढायचा.

तिथे मिनेसोटाचा एक माजी शिक्षक राहायचा. चाळिशीला आलेला, दोन लहान मुली. शाळेतली नोकरी सोडून या पेशात आला होता. रात्री आठच्या सुमाराला तो जाड कोट चढवून खाली जायचा आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून मुलींना फोनवरून गोष्ट वाचून दाखवायचा. आत कुणीतरी पहाटेच्या उड्डाणासाठी झोपलेलं असायचं, म्हणून. पेट्रोल जळू नये म्हणून इंजिन बंद ठेवायचा. काचेवर वाफ धरायची, आतल्या छोट्या दिव्याखाली चित्रांचं पुस्तक धरलेला त्याचा हात तेवढा दिसायचा. विमान तो फार उत्तम उडवायचा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती तितकीच खरी आहे. उडवायला मी शिकले ते तिथेच. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानावर वैमानिकाच्या वाट्याला महिन्याला मोजकीच लँडिंग येतात. आम्हाला तेवढी दोन दिवसांत मिळायची. एम्ब्रेअर १४५ ला ऑटोथ्रॉटल नाही. इंजिनांची ताकद संपूर्ण उतरणभर हातानेच सांभाळावी लागते, त्यामुळे वारा अंगावर येण्याआधी तळहातात कळू लागतो.

मोलीनची एक रात्र सांगते. धावपट्टीवर ओल्या बर्फाचा चिखल, डावीकडून झोंबणारा आडवा वारा. माझी पाळी उडवण्याची. शेजारी विस्कॉन्सिनचे एक कॅप्टन होते, गाईगुरांच्या घरात वाढलेले, बोलायला अगदी कमी. खाली येताना ते एवढंच म्हणाले, "आज मऊ उतरवायच्या नादाला लागू नकोस." विमान वाऱ्याकडे नाक वळवून तिरकं येत होतं. जमीन जवळ आल्यावर उजव्या पायाने नाक पट्टीच्या रेषेत आणायचं, डावा पंख वाऱ्याच्या बाजूला किंचित खाली ठेवायचा, आणि मग तरंगत न राहता चाकं ठामपणे टेकवायची. चिखलावर हळुवार टेकलं तर टायर पाण्याच्या थरावर घसरत राहतात. चाकं नीट फिरली नाहीत आणि विमानाचं वजन त्यांच्यावर आलं नाही, तर पंखांवरचे स्पॉयलर उघडायला आणि ब्रेक धरायला उशीर होतो. मी ठामपणे टेकवलं. विमान धडकन बसलं, बर्फाचा चिखल पंखाखालून उडाला आणि वेग झरझर उतरला. उतरताना एक आजोबा दाराशी थांबून म्हणाले, "जरा जोरात आपटलं हो." कॅप्टनांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "आज असंच उतरवायचं असतं. तिने अगदी बरोबर केलं." चार माणसांसमोर, प्रवाशाच्या तोंडावर. नव्या माणसाला कसं उभं करायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. आज मी उजव्या बाजूला नवं कुणी बसलं की तसंच करते.

या आठवणी सांगितल्या की जुने लोक लगेच म्हणतात, बघ, त्या दिवसांनीच तुला घडवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. घाव मला मान्य आहेत. पण कोणते? मोलीनचा वारा हा घाव. ग्रीन बेची थंडी, रात्रीचं बर्फ, एकामागून एक पाच लँडिंग हे घाव. ते मूर्तीला आकार देतात. पुढच्या महिन्याचं भाडं कुठून आणायचं या काळजीने रात्र जागून काढणं, विश्रांतीच्या दिवशी कॉफीच्या दुकानात उभं राहून काम करणं, यांनी कुठलाच आकार येत नाही. दगड नुसता झिजतो. मला जे आलं ते त्या हिवाळ्यांनी आणि त्या कॅप्टनांनी दिलं. पगार दुप्पट असता तरी मी तेवढंच शिकले असते, कदाचित जास्त, कारण झोप पुरी झाली असती.

पगार इतका कमी का, याचं उत्तर कुणाच्या दुष्टपणात नाही, कराराच्या रचनेत आहे. १९७८ साली अमेरिकेत विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि पुढे मोठ्या कंपन्यांनी लहान गावांचे मार्ग हळूहळू या रीजनल कंपन्यांकडे सोपवले. तिकीट मोठी कंपनी विकते, इंधनाचा खर्चही बहुतेक करारांत तीच उचलते. रीजनल कंपनीला ठरलेल्या दराने फेरीमागे पैसे मिळतात. करार संपला की जी कमी बोली लावेल तिला पुढचं काम. आता कमी करायचं ते काय? विमानाचा हप्ता सगळ्यांना सारखाच, सुट्या भागांच्या किमती सारख्याच. उरतात माणसं. शहरातल्या सफाईचं काम ठेक्यावर दिलं की झाडणाऱ्याच्या हातात काय पडतं, हे आपल्याला नवं नाही. शिवाय कंपनी जुनी झाली की तिचे कर्मचारी वेतनश्रेणीत वर चढतात, म्हणजे ती महाग होते, आणि काम एखाद्या नव्या कंपनीकडे सरकतं. सिनसिनाटीजवळची कॉमएअर १९७७ साली सुरू झाली. २००१ मध्ये तिच्या वैमानिकांनी ८९ दिवस संप करून पगार वाढवून घेतला. पुढे डेल्टाच्या मालकीची असूनही सप्टेंबर २०१२ मध्ये ती बंद झाली. या पेशात ज्येष्ठता कंपनीबरोबर जाते. वीस वर्षं नोकरी झालेला कॅप्टन दुसरीकडे गेला की यादीत तळाला, नवख्याच्या पगारावर.

माझ्या वेळी शिडीच थांबली होती. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं, पुढच्याच वर्षी इंधन भडकलं, मग मंदी आली. वरच्या जागा रिकाम्या होईनात. एक-दोन वर्षांचा टप्पा म्हणून जो पगार सगळ्यांनी पत्करला होता, तोच संसाराचा पगार झाला.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं एक विमान उतरण्याआधी काही मैलांवर एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. विमानावर कॉन्टिनेंटलचे रंग होते, चालवत होती कोलगन एअर. क्रॅश पॅडवर टीव्ही लावून आम्ही सगळे उभेच होतो, खाटेवर कुणी टेकलं नाही. एवढी शांतता त्या घरात मी कधी अनुभवली नव्हती.

मे महिन्यात वॉशिंग्टनला सुनावणी झाली आणि आमचं रोजचं जगणं पहिल्यांदा देशासमोर मांडलं गेलं. २४ वर्षांची फर्स्ट ऑफिसर सिअॅटलजवळ आई-वडिलांकडे राहायची. आदल्या रात्री ती मालवाहू विमानांतून, मेंफिसला विमान बदलून, देश ओलांडून नेवार्कला आली होती आणि दिवसा क्रू रूममध्ये विसावली होती. तिला सर्दी झाली होती. तिचा पगार आधी वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास सांगितला गेला, नंतर कंपनीने तो चोवीस हजारांच्या जवळ असल्याचं सांगितलं. माझ्या चिठ्ठीवरचा आकडा या दोहोंच्या मधला होता.

कमी पगाराने ते विमान पाडलं असं मी म्हणणार नाही. तपास मंडळाने स्पष्ट लिहिलं की स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटत असल्याचा, इशारा मिळाल्यावर कॅप्टनने चुकीची हालचाल केली, हे अपघाताचं कारण. पण त्याच अहवालात हेही आहे की दोघांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम बहुधा झाला होता, फक्त किती, हे निश्चित सांगता येत नाही. या "किती" पाशी मी आजही अडते. ती फर्स्ट ऑफिसर बेसजवळ का राहत नव्हती, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. तो विचारणाऱ्यांनी त्या पगारात न्यूयॉर्कच्या पंचक्रोशीत एक खोली शोधून बघायला हवी होती.

बदल घडवला तो त्या ५० जणांच्या नातेवाइकांनी. फोटो छातीशी धरून ते वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा जात राहिले. १ ऑगस्ट २०१० रोजी कायद्यावर सही झाली. त्यानुसार २०१३ पासून प्रवासी कंपनीत फर्स्ट ऑफिसर व्हायलाही साधारण १५०० तासांचा अनुभव लागू लागला, लष्करी वैमानिक आणि विमानशास्त्राचे पदवीधर यांना थोडी सूट देऊन. २०१४ पासून ड्यूटीआधी दहा तासांची विश्रांती आली आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी मिळालीच पाहिजे असं ठरलं. तिकीट विकताना विमान कोण चालवणार हे सुरुवातीलाच सांगणं बंधनकारक झालं. पगाराबद्दल मात्र कायद्यात शब्द नव्हता. पगार वाढला तो वैमानिक मिळेनासे झाले म्हणून. २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या रीजनल कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर, तात्पुरती वाढ धरून, तासाला ९० डॉलरवर नेला. आम्हाला जे काम बाविसात करायला लावलं, त्याची किंमत नव्वद होती हे त्यांनीच मान्य केलं. मला आनंद झाला. पण टंचाईने जे दिलं ते मुबलकता परत घेऊ शकते, म्हणून तो आनंद मी जपून धरला आहे.

हे सगळं आज मराठीत लिहायला बसले त्याला कारण माझ्या चुलतभावाचा मुलगा. तो गोंदियाला विमान चालवायला शिकतो आहे. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "आत्या, पगार कितीही देऊ देत, एकदा कॉकपिटमध्ये बसू देत." आवाजात इतका उमाळा होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला म्हटलं, हे वाक्य मला सांग, आईला सांग, मुलाखतीत मात्र बोलू नकोस.

मी ज्या एम्ब्रेअर १४५ वर घडले, तेच विमान स्टार एअरने कोल्हापूरलाही उतरवलं आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये उडान योजनेतलं पहिलं विमान शिमल्याहून दिल्लीला गेलं, तेव्हापासून नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग ही नावं विमानांच्या वेळापत्रकात दिसू लागली. मला त्याचा फार अभिमान वाटतो. लहान गावाला विमान मिळणं म्हणजे काय ते मी मोलीन आणि पिओरियाच्या प्रवाशांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. पण भारतात साधारण २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो, आणि पुढचं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमानासाठीचं प्रशिक्षण, पुष्कळदा मुलामुलींना स्वतःच्या खर्चाने करावं लागतं. लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन ती पहिल्या नोकरीच्या दारात उभी राहतात. समोर येईल त्या कागदावर सही करण्याची घाई त्यांना असणारच.

म्हणून आई-वडिलांना माझी विनंती आहे. घर किंवा शेत तारण ठेवण्याआधी त्या कागदावर काय लिहिलंय ते मुलासोबत बसून वाचा. उड्डाण रद्द झालं तर त्या दिवसाचे किती मिळणार, बाँड किती वर्षांचा, बेस बदलला तर राहायची सोय कुणी करायची, दार बंद होण्याआधीचे तास धरतात की नाही, हे विचारा. विचारलं म्हणून नोकरी जाईल अशी भीती मुलं घालतील, तरीही विचारा. आणि मिळेल ते उत्तर लेखी घ्या.